खोडदच्या डिश आणि लेकीचा प्रश्न: विश्वात दुसरं कोणी हुशार असेल का?

माळशेजचा_वारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, लेकीला (पाचवीत आहे) घेऊन खोडदला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नारायणगावपासून जवळ जीएमआरटी म्हणून मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या १६ वाय आकारात लांब लांब गावांमधून पसरलेल्या. एरवी तिकडे द्राक्षाच्या बागा आणि टोमॅटो बघायची सवय, आणि मधेच ही एवढाली लोखंडी जाळीची फुलं. शाळांची ही गर्दी. लेकीनं तिथल्या एका स्वयंसेवक मुलाला सरळ विचारलं, "मग सापडले का एलियन?" तो बिचारा हसला, म्हणाला अगं आम्ही इथे मुख्यतः हायड्रोजन बघतो, पल्सार (फिरता फिरता रेडिओ ठोके देणारे तारे) बघतो, लांबच्या दीर्घिका बघतो. तर ही म्हणते, "एवढे मोठे कान लावून बसलाय आणि कोणी बोलतंय का तेच ऐकत नाही?"

परतीच्या वाटेवर मला प्रश्नांनी भंडावून सोडलं आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. माझं आपलं मत असं की एवढं अवाढव्य विश्व, एकट्या आपल्या आकाशगंगेत १०० ते ४०० अब्ज तारे, म्हणजे कोणीतरी असणारच. पण हे मत झालं, उत्तर नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो, धागा शंभरी गाठणार.

---

बोरीबंदर

लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट. बाकी असणारच हो, आपल्याकडे देवाला उगाच अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणत नाहीत. ब्रह्मांडं अनंत कोटी, मग रहिवासी नकोत का?

---

गणित_नको_रे

धागाकर्ते, तारे खूप आहेत म्हणून कोणीतरी असणारच हा युक्तिवाद अर्धाच आहे. तारे किती ते कळलं, पण एका ताऱ्याजवळ अशी भानगड घडायची शक्यता किती ते कुठे माहितीये? १०० अब्जांत एक असेल तर आकाशगंगेत आपण एकटे, आणि लाखात एक असेल तर गल्लोगल्ली. मोठ्या संख्येला अज्ञात संख्येनं गुणलं की उत्तर अज्ञातच येतं, कितीही मोठी असली तरी.

१९६१ साली फ्रँक ड्रेक नावाच्या माणसानं अमेरिकेत ग्रीन बँकला एका छोट्या बैठकीसाठी हेच फळ्यावर मांडलं. वर्षाला किती नवे तारे जन्मतात, त्यातल्या किती जणांना ग्रह, त्यातले राहण्याजोगे किती, त्यातल्या कितींवर जीव, मग कितींवर बुद्धी, मग किती जण रेडिओ बनवतात, आणि शेवटी बनवल्यावर किती वर्षं टिकतात. सगळ्यांचा गुणाकार.

आता गंमत बघा. पहिले तीन आकडे आपल्याला बऱ्यापैकी कळलेत, कारण १९९५ नंतर सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडायला लागले आणि आज सगळे मिळून ६००० च्या वर झालेत. ढोबळ धरा, वर्षाला २ तारे, ग्रह जवळजवळ सगळ्यांना, राहण्याजोगा पाचातल्या एकाला. गुणाकार ०.४. पुढचे तीन (जीव, बुद्धी, रेडिओ) सगळे १ धरले तर एकूण संस्कृती म्हणजे ०.४ गुणिले टिकण्याची वर्षं. २०० वर्षं टिकत असतील तर ८०. दहा हजार वर्षं टिकत असतील तर ४०००.

आणि तेच तीन आकडे जरा कंजूषपणे धरा, दहात एक, शंभरात एक, दहात एक. मग दहा हजार वर्षं टिकूनही उत्तर ०.४ येतं. म्हणजे अख्ख्या आकाशगंगेत एक पण नाही. आपण सोडून. दोन्ही वेळा मी आकडे खिशातूनच काढलेत, हे लक्षात घ्या.

---

रुमालवाला

म्हणजे समीकरण लिहून शेवटी "देव जाणे" च ना?

---

गणित_नको_रे

हो, पण कुठल्या जागी देव जाणे ते तरी कळतं :)

अजून एक. समजा पहिला आशावादी हिशोब खरा, ८० संस्कृती आहेत आत्ता या घटकेला. आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं. तिच्या तबकडीत ८० जण पसरले तर शेजाऱ्या-शेजाऱ्यात दहाएक हजार प्रकाशवर्षांचं अंतर पडतं. आणि टिकतात २०० वर्षं! म्हणजे इकडून हॅलो म्हटलेलं तिकडे पोचेपर्यंत इकडचे संपून पन्नास पिढ्या... पिढ्या कुठल्या, संपलेच की. जे ऐकणार तेही अजून जन्मायचेत.

---

शंकासुर

अहो तुम्ही समीकरणं मांडत बसा. २०२३ च्या जुलैत अमेरिकेच्या संसदेत माजी गुप्तचर अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की सरकारकडे परग्रहावरची यानं आहेत म्हणून. ते आलेत, तुम्हाला सांगत नाहीयेत एवढंच.

---

गणित_नको_रे

शपथेवर हेच सांगितलं की दुसऱ्यांनी त्याला तसं सांगितलं. स्वतः यान बघितल्याचं तोही म्हणाला नाही. आमच्या आळीत सगळ्यांनी भूत असंच बघितलंय, प्रत्येकाच्या मामेभावाच्या मित्राला दिसलेलं.

---

शंकासुर

इनो घ्या.

---

पेशीकेंद्र

छान धागा. मी जीवशास्त्र शिकवते (कॉलेजात), त्यामुळे मधल्या आकड्यांवर बोलते, तिथेच खरी मेख आहे आणि खगोलवाले तिथे घाईघाईनं १ लिहून मोकळे होतात.

पृथ्वी साधारण साडेचार अब्ज वर्षांची. जिवाच्या खुणा साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या नक्की मिळतात, काही जण त्याहून मागे नेतात. म्हणजे पृथ्वी जरा थंड झाली, पाणी साचलं, आणि जीव सुरू. यावरून वाटतं की जीव सुरू होणं फार अवघड नसावं. (एकाच उदाहरणावरून काढलेला निष्कर्ष आहे, त्यामुळे मिठाचा खडा बरोबर ठेवा.)

पण पुढे काय झालं? दीड-दोन अब्ज वर्षं नुसते बॅक्टेरिया आणि त्यांचे भाऊबंद आर्किया. एवढ्या काळात त्यांनी रसायनशास्त्रातलं सगळं करून बघितलं, सूर्यप्रकाश खाल्ला, गंधक खाल्लं, लोखंड खाल्लं, अख्खी हवा ऑक्सिजननं भरून टाकली. फक्त मोठे झाले नाहीत. मग साधारण २ अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीच्या पोटात दुसरी शिरली आणि पचली नाही, तिथेच भाडेकरू म्हणून राहिली. तीच आपली मायटोकॉन्ड्रिया. झाड, बुरशी, गांडूळ, वाघ, तुम्ही आम्ही, सगळे त्या एका घटनेची लेकरं. आणि ही घटना, आपल्याला माहीत आहे तोवर, यशस्वीपणे एकदाच घडली.

हे मला फार बोचतं. कारण उत्क्रांतीत जे सोपं असतं ते वारंवार घडतं. डोळा किती तरी वेळा वेगवेगळा तयार झालाय. पंख कीटकांना वेगळे, पक्ष्यांना वेगळे, वटवाघळांना वेगळे. एका पेशीचे अनेकपेशीय जीव होणं हेही पुष्कळदा झालंय. पण तो भाडेकरूचा प्रकार एकदाच. त्यामुळे माझा अंदाज विचाराल तर विश्वात बुळबुळीत हिरवा थर जागोजागी असेल, आणि त्याच्यापुढे गेलेले ग्रह फार फार विरळा.

---

बोरीबंदर

बापरे. म्हणजे एलियन भेटायला जायचं आणि शेवाळावरून पाय घसरून पडायचं.

---

पेशीकेंद्र

अगदी! आणि ते शेवाळ सापडलं तरी मी पेढे वाटीन.

बुद्धीबद्दलही थोडं. लोकांना वाटतं उत्क्रांती म्हणजे शिडी आणि वरच्या पायरीवर आपण उभे. डायनोसॉर १६ कोटी वर्षं होते, त्यांना रेडिओची गरज पडली नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो दगड आदळला नसता तर अजूनही तेच असते आणि आपण त्यांच्या पायाखालून पळत असतो. डोकं ही महागडी वस्तू आहे, आपला मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के आणि खातो जवळपास २० टक्के. परवडलं तर ठेवतात, नाहीतर नाही.

आणि नुसती बुद्धी असून भागत नाही. ऑक्टोपस घ्या. बरण्यांची झाकणं उघडतो, टाकीतून पळून जातो, पण बहुतेक जाती एक-दोन वर्षं जगतात आणि आई अंड्यांची राखण करता करता मरते. पिल्लांना शिकवायला कोणी नाही, दर पिढीला अ आ इ पासून सुरुवात. डॉल्फिन हुशार, आयुष्यही मोठं, पण पाण्यात चूल कशी पेटवणार? विस्तव नाही तर धातू नाही, धातू नाही तर डिश नाही. असे समुद्राखालचे महापंडित कुठेतरी असतीलही, त्यांचा आवाज खोडदला येणार नाही.

---

माळशेजचा_वारा

पेशीकेंद्र ताई, दंडवत. लेकीला ऑक्टोपसचं वाचून दाखवलं तर ती रडवेली झाली, आता रात्री जेवताना "पण तिला कोणी डबा का दिला नाही" चालू आहे.

---

मेहकरी

राजेहो, एवढा काथ्याकूट चालू हाय पण आमच्या लोणारचं कोणी नाव घेतलं नाई अजून! उल्का पडून झालेला खड्डा, पावणेदोन किलोमीटर रुंद, तोही बसाल्टमधे, आन मंगळावर बी बसाल्टच. म्हणून तर जगभरचे लोकं तिथं दगडं तपासाले येतात. पाणी असं खारट न् सोड्यासारखं का मासोळी जगत नाई, पण जंतू मजेत. २०२० च्या जूनमधे आख्खं तळं गुलाबी झालतं, आठवते का? लॉकडाऊनमधे लोकं म्हणे काही अशुभ हाय. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं त निघाले हॅलोआर्किया, मिठात राहणारे. पाणी आटलं, मीठ वाढलं, यायची दिवाळी झाली. म्हणून म्या म्हणतो जीव कुठं बी जगते.

---

पेशीकेंद्र

मेहकरी, अगदी बरोबर आठवण केलीत. फक्त "जगतो" आणि "सुरू होतो" यात फरक आहे. लोणारचे जंतू बाहेरून येऊन तिथे रुळलेत. आधी कुठेतरी सोयीच्या जागी सुरुवात व्हावी लागते.

---

बोरीबंदर

मग नारळीकर सरांचं काय? ते तर म्हणायचे ना की जीव बाहेरून आला?

---

पेशीकेंद्र

त्यांनी नुसतं म्हटलं नाही, फुगे सोडले! २००१ आणि २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे ४० किलोमीटरच्या आसपास उंचीपर्यंत पाठवून तिथली हवा निर्जंतुक नळ्यांमधे भरून खाली आणली. दुसऱ्या खेपेत बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती मिळाल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. एकीला सरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पण त्या वरून खाली आल्या की खालून वर गेल्या हे यावरून ठरत नाही आणि इस्रोनंही तेव्हा तसंच स्पष्ट म्हटलं होतं. मला स्वतःला त्या खालूनच वर गेल्या असं वाटतं. पण वाद घालत बसण्यापेक्षा फुगा सोडून बघू ही वृत्ती मला जास्त आवडते. गेल्या वर्षी मे महिन्यात सर गेले तेव्हा मला पहिले ते फुगेच आठवले.

आणि समजा जीव बाहेरून आला असला तरी सुरुवात कशी झाली हा प्रश्न सुटत नाही, फक्त पत्ता बदलतो.

---

शंकासुर

मग गेल्या वर्षी के२-१८बी वर जीव सापडला म्हणून सगळ्या चॅनेलवर होतं ते काय होतं? तेही मामेभावाचा मित्र का?

---

गणित_नको_रे

हा मात्र चांगला मुद्दा. १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, पृथ्वीच्या अडीचपटीहून मोठा. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं वेब दुर्बिणीतून त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड असल्याची चिन्हं दिसतायत असं एप्रिल २०२५ मधे जाहीर केलं. आपल्याकडे तो वायू समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे बनतो. पण संकेताची ताकद होती तीन सिग्मा (हा निव्वळ योगायोग नाही याच्या खात्रीचं माप), शास्त्रज्ञ शोध म्हणायला पाच मागतात. आणि तीच माहिती दुसऱ्या गटांनी त्यांच्या पद्धतीनं तपासली तर त्यांना ते पटण्याजोगं दिसलं नाही. त्यामुळे चॅनेलवाल्यांनी हळद लावली, लग्न अजून ठरायचंय.

---

अँटेनाकाका

मंडळी, उशिरा आलो. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, आयुष्य सिग्नल आणि नॉइजमधे गेलं, त्यामुळे दोन शब्द ऐकण्याबद्दल.

आपल्याकडे समज असा आहे की आपले रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम शंभर वर्षं अंतराळात चाललेत आणि कोणीतरी ते बघतंय. अहो, अंतर दुप्पट झालं की सिग्नल एक चतुर्थांश होतो. खोडदचंच उदाहरण देतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावरचा ट्रान्समीटर जेमतेम काही वॅटचा, मंगळ तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटरच्या आसपास, आणि तो क्षीण सिग्नल थेट पकडला तो आपल्या जीएमआरटीनं. जमिनीला टेकायच्या थोडं आधी आवाज बंद झाला. नंतर कळलं की यानाच्या संगणकाला आपण उतरलो असंच वाटलं आणि त्यानं साडेतीन-पावणेचार किलोमीटर उंचीवरच इंजिन बंद केलं. आपटलं. असो.

तर तोच ट्रान्समीटर आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापाशी, ४.२ प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवा. अंतर सव्वादोन लाख पट. म्हणजे सिग्नल ५००० कोटी पट बारीक. जिथे खोडदलाही कान टवकारून ऐकावं लागलं तिथे हे काय ऐकू येणार? जोवर समोरचा मुद्दाम, नेमका आपल्याच दिशेनं, मोठ्या ताकदीनं ओरडत नाही तोवर त्याचं तिथे असणं आणि नसणं आपल्या लेखी सारखंच. आणि आपण स्वतः तरी ओरडतो का? १९७४ साली अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या डिशमधून एम१३ या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला, १६७९ बिट, तीनेक मिनिटांचा. पोचायला २५ हजार वर्षं. ती डिशसुद्धा २०२० च्या डिसेंबरात कोसळली. उलट आता सगळं केबल आणि फायबरवर गेल्यानं आपण दिवसेंदिवस मुके होत चाललोय. प्रगत समाज गोंगाट करतो हे गृहीतकच मला पटत नाही. प्रगत समाज वीज वाया घालवत नाही.

---

गणित_नको_रे

काका, याला जोडून. आपल्याला रेडिओ येऊन १३० वर्षं झाली असं धरलं तर पृथ्वीच्या साडेचार अब्ज वर्षांत कोणी सहज चक्कर मारायला आला तर त्याला रेडिओवाली पृथ्वी भेटायची शक्यता साडेतीन कोटींत एक. बाकी सगळ्या वेळा त्याला ताईंचं शेवाळ भेटणार, नशीब चांगलं असेल तर डायनोसॉर.

---

माळशेजचा_वारा

हे वाचून माझं मत हललंय खरं. मी आत्तापर्यंत "किती आहेत" यात अडकलो होतो. पण नुसतं असून काय उपयोग, एकाच वेळी जागं असायला हवं. आमच्या गावाकडे एक म्हातारे होते, त्यांची आणि त्यांच्या भावाची पाळी वेगळी, हा कामावरून यायचा तेव्हा तो गेलेला. चूल गरम असायची, म्हणजे आत्ताच होता इथे एवढं कळायचं. एका घरात राहून महिना महिना बोलणं नाही. इथे तर चूल गरम आहे की नाही तेही कळायला मार्ग नाही.

---

रुमालवाला

धागाकर्ते, उपमा जमली. पण एक शंका. कोणी आपल्या आधी कोटभर वर्षं सुरू झालं असेल तर ते पसरले का नाहीत? प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्यानं जरी गेले, मधे थांबत थांबत, तरी काही कोटी वर्षांत आकाशगंगा पालथी घालता येते म्हणतात. आणि आकाशगंगा तर १० अब्ज वर्षांहून जुनी.

---

गणित_नको_रे

हाच तो भौतिकशास्त्रज्ञ फर्मीचा प्रश्न. १९५० साली लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर फर्मीनं विचारलं म्हणे, मग सगळे आहेत कुठे? उत्तरं ढीगभर आहेत. ऑक्सफर्डच्या तिघांनी २०१८ मधे एक निबंध लिहिला, त्यांनी ड्रेकच्या समीकरणात एकेक आकडा न घालता आपल्या अज्ञानाची पूर्ण रुंदी घातली. निष्कर्ष असा की आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता ५३ ते ९९.६ टक्के. म्हणजे कोडंच नाही, शांतता अपेक्षितच आहे. मला ते पटतं. पण "एकटे आहोत" आणि "एकटे असू शकतो" यात गल्लत नको.

आणि प्रवासाचं म्हणाल तर माणसानं सोडलेलं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर जातंय. त्या वेगानं ४.२ प्रकाशवर्षं जायला सत्तर-पंचाहत्तर हजार वर्षं. पसरणं कागदावर सोपं असतं, आमच्या सोसायटीला पाण्याची नवी टाकी बांधायला अकरा वर्षं लागली.

---

फोंड्याचो

व्हॉयेजर म्हटलंत म्हणून आत आलो. त्याच्यावर पृथ्वीवरच्या आवाजांची आणि गाण्यांची सोनेरी तबकडी आहे, तिच्यात आमच्या केरीच्या गायिका केसरबाई आहेत हो! फोंडा तालुक्यातलं केरी. 'जात कहाँ हो', भैरवी, साडेतीन मिनिटांची. १९७७ साली यान सुटलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आणि ५५ भाषांतल्या नमस्कारांत मराठी पण आहे. कोणी ऐकेल न ऐकेल, पण माणसाचा मागमूस राहिला नाही तरी केसरबाई चालल्यात पुढे. भैरवी म्हणजे मैफल संपताना म्हणायचा राग, ती यांनी सुरुवातीलाच पाठवली ही वेगळी गंमत.

---

बोरीबंदर

फोंड्याचो, अंगावर काटा आला.

---

ओहायोची_मावशी

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. आम्ही ओहायोत डेलावेअर गावाजवळ राहतो. इथे बिग इअर नावाची दुर्बीण होती, डिश नव्हे, मैदानाएवढी सपाट पत्र्याची फरशी आणि दोन टोकांना भिंती. १५ ऑगस्ट १९७७ ला (आपला स्वातंत्र्य दिन!) तिच्यात ७२ सेकंद एक जबरदस्त सिग्नल आला, हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ. काही दिवसांनी तिथले जेरी एमन कागद चाळत होते, त्यांना सिग्नलची ताकद दाखवणारी ६ई क्यूयूजे५ अशी अक्षरं दिसली, त्याभोवती लाल शाईनं गोल करून शेजारी "वॉव" लिहिलं. त्यानंतर कित्येकदा ऐकलं, परत कधी आला नाही. ७२ सेकंदच का, तर दुर्बीण स्थिर, पृथ्वी फिरते, आकाशातला एक ठिपका तिच्या नजरेतून जायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तो आकाशातल्या ठिपक्यासारखाच वागला, हीच तर मेख.

---

अँटेनाकाका

मावशी, उत्तम. पण तिला दोन हॉर्न (सिग्नल गोळा करणारी कर्ण्यासारखी तोंडं) होते, आकाशातली वस्तू एकातून गेली की तीनेक मिनिटांनी दुसऱ्यातून जायला हवी. दोन्हींपैकी एकातच दिसला. म्हणजे एक तर मधेच बंद झाला, नाहीतर मधेच सुरू झाला. माझ्यासारखा माणूस यावर पैज लावत नाही.

कारण आमच्या धंद्यात फसगतीच जास्त. १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल यांना १.३३ सेकंदांनी नेमानं येणारे ठोके मिळाले, गमतीनं नाव ठेवलं छोटी हिरवी माणसं. निघाला पल्सार. ऑस्ट्रेलियात पार्क्सला वर्षानुवर्षं गूढ स्पंद यायचे, बहुतेक कामाच्या वेळात. २०१५ मधे उलगडा झाला, कोणीतरी मायक्रोवेव्ह टिंग व्हायच्या आधीच दार उघडत होतं. प्रॉक्सिमाच्या (तोच ४.२ प्रकाशवर्षांवरचा तारा) दिशेनं २०१९ मधे पार्क्सलाच एक सिग्नल मिळाला, दोन वर्षांनी ठरलं की आपलाच कुठलातरी गोंधळ. आणि खोडदला विचारा, वीजवाहिनीची एक ठिणगी किंवा एखादा मोबाइल किती छळतो ते.

---

शंकासुर

म्हणजे काका, तुमच्या मते नाहीच कोणी?

---

अँटेनाकाका

नाही असं कुठे म्हणालो? आपण ऐकलंच किती ते बघा. परग्रहावरचे सिग्नल शोधण्यात आयुष्य घालवलेल्या जिल टार्टर म्हणायच्या की आत्तापर्यंतचा शोध म्हणजे समुद्रातून एक पेलाभर पाणी काढून बघण्याएवढा. पुढे २०१८ मधे परत हिशोब केला तर पेल्याचा मोठा हौद झाला, साडेसात हजार लिटरचा. समुद्र मात्र तेवढाच. हौदात मासा नाही म्हणून समुद्रात नाही असं मी म्हणणार नाही, आणि समुद्र मोठा आहे म्हणून आहेच असंही नाही. मी रिसीव्हर चालू ठेवीन.

---

माळशेजचा_वारा

लेकीला एवढं सगळं सांगून बघितलं. तिचं म्हणणं, मग ज्यांना आपण ऐकायला मिळणार आहोत ते अजून जन्मलेच नसतील तर त्यांच्यासाठी काहीतरी लिहून ठेवायला पाहिजे. सध्या वहीच्या मागच्या पानावर काम चालू आहे. दाखवत नाहीये.

---

मेहकरी

मराठीतच लिहू द्या म्हणा पोरीले.

---

ओहायोची_मावशी

आज रविवार, धाग्यामुळे मुद्दाम जाऊन आले. बिग इअर १९९८ मधेच पाडली, आता तिथे गोल्फ कोर्सचा विस्तार आहे. हिरवंगार गवत, पांढरे कपडे घातलेले आजोबा चेंडू मारतायत. मी कडेला उभी राहून मोबाइलवर ७२ सेकंद लावले आणि गप्प उभी राहिले. बरेच मोठे असतात हो ७२ सेकंद.

---

अँटेनाकाका

आणि दुसऱ्या हॉर्नसाठी तीन मिनिटं थांबलात का?

---

ओहायोची_मावशी

थांबणार होते. पण मागून गाडीवाला हॉर्न वाजवत आला, म्हणाला बाई, मधे उभ्या आहात.